जखम दिसली, नस दिसली नाही

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्या नावांशी जोडलेलं हे काम भारतीय पुरातत्त्वात अजूनही नमुना म्हणून दाखवलं जातं. तीन हजार वर्षांपूर्वीचे हे शेतकरी आपल्या माणसांना घराच्याच जमिनीखाली पुरत. लहान मुलं दोन रांजणांच्या तोंडाला तोंड लावून त्यात ठेवलेली, तर मोठी माणसं उत्तर-दक्षिण आडवी निजवलेली, आणि पुष्कळांची पावलं घोट्याखाली तोडलेली. गेलेला माणूस उठून चालू लागू नये म्हणून हे केलं असावं, असा अर्थ अभ्यासकांनी लावला.

त्या तोडलेल्या पावलांचा महारोगाशी, म्हणजे कुष्ठरोगाशी, काही संबंध नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. पण पुरलेल्या हाडांवरून माणसाचं दुखणं वाचण्याची जी विद्या या संस्थेत वाढली, तिनेच पुढे महारोगाच्या इतिहासाला एक मोठा पुरावा दिला. राजस्थानात उदयपूरजवळ बालाथल इथे डेक्कन कॉलेजच्याच वीरेंद्रनाथ मिश्रांनी उत्खनन केलं होतं. तिथे सापडलेल्या, इसवीसनापूर्वी २००० च्या आसपासच्या एका मध्यमवयीन माणसाच्या सांगाड्यावर कुष्ठरोगाच्या खुणा असल्याचं २००९ मध्ये जाहीर झालं. या संशोधनात ग्वेन रॉबिन्स यांच्यासोबत डेक्कन कॉलेजच्या वीणा मुश्रीफ-त्रिपाठी होत्या. भारतातला हा कुष्ठरोगाचा सर्वांत जुना ज्ञात सांगाडा. शेणाच्या राखेने भरलेल्या दगडी आवारात त्याला पुरलं होतं.

हाडावर या रोगाची खूण दोन वाटांनी उमटते. नाकाची आतली बाजू थंड असते, तिथे जंतू वाढतात आणि नाकाची, वरच्या जबड्याची कड झिजते. हातापायांची गोष्ट वेगळी आहे. तिथे आधी नस मरते. मग संवेदना नसलेलं बोट भाजतं, कापतं, चिघळतं, आतलं हाड बारीक होत जातं आणि टोकाशी पेन्सिलीसारखं निमुळतं उरतं. शतकानुशतकं लोकांनी पाहिला तो शेवटचा टप्पा. बोटं ‘झडतात’ असं सगळे म्हणत आले. प्रत्यक्षात कुष्ठरोगात बोट झडून पडत नाही. ते रोजच्या कामात, नकळत, थोडं थोडं खर्ची पडतं.

या रोगाचा इतिहास वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा टोचते. जखमेकडे पाहणारे पुष्कळ होते, नसेकडे पाहणारे फार थोडे. कायदे झाले ते जखमेवरून, आश्रम निघाले ते जखमेसाठी आणि गावाने माणसाला शिवेबाहेर घातलं तेही जखम पाहूनच.

जुन्या वैद्यांच्या नजरेतून बधिरता सुटली नव्हती, हे मात्र मान्य करायला हवं. सुश्रुतसंहितेत कुष्ठाच्या लक्षणांत त्वचेची संवेदना जाणं येतं. रोग खोल गेल्यावर हात वाकडा होणं, चाल बिघडणं, नाक बसणं हेही येतं. औषध म्हणून तुवरकाचं तेल सांगितलं आहे. पश्चिमेच्या समुद्राकडच्या भूमीत होणारं हे झाड म्हणजे आपल्याकडचं कडूकवठ. सह्याद्री आणि कोकणातल्या या झाडाच्या बियांचं तेल, आणि त्याच्याच जातकुळीतलं चौलमुग्रा तेल, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगभरच्या डॉक्टरांचा मुख्य आधार होतं. ते टोचताना फार दुखायचं आणि गुण यायचा तो अनिश्चित.

एकोणिसाव्या शतकात शिरूर ही इंग्रजांची छावणी होती. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावला लढलेली तुकडी निघाली होती ती शिरूरहूनच. शेजारच्या दौंडला पुढे पुण्याहून सोलापूरकडे जाणारा लोहमार्ग आला आणि १८७८ मध्ये मनमाडचा फाटा जोडला जाऊन तिथे जंक्शन झालं. छावणी आणि जंक्शन या दोन्ही जागा माणसं मोजणाऱ्या, माणसांची ये-जा लिहून ठेवणाऱ्या. आजाऱ्यांची मोजदादही याच काळात सुरू झाली. इंग्रजी जनगणनेच्या तक्त्यात १९३१ पर्यंत चार व्यंगांचे रकाने असत: वेडे, मूकबधिर, आंधळे आणि महारोगी. गणना करणाऱ्यांना कोड असलेली माणसं यात धरू नका, अशी ताकीद द्यावी लागे, कारण पांढरा डाग दिसला की लोक त्याला रोगी ठरवून मोकळे होत. उलट ज्याच्या पाठीवर फिकट, बधिर चट्टा आहे पण बोटं सरळ आहेत, तो त्या रकान्यात येण्याची शक्यताच नव्हती. सदऱ्याखालचा चट्टा गणना करणाऱ्याला कुठून दिसणार?

रेल्वेनेही आपला नियम केला. १८९० च्या रेल्वे कायद्यात संसर्गजन्य रोग असलेल्या माणसाने परवानगीशिवाय प्रवास करणं हा गुन्हा ठरला. दौंडच्या फलाटावर तिकीट तपासणाऱ्याला रोगाचं ज्ञान असण्याचं कारण नव्हतं. हात वाकडा किंवा पायाला चिंधी बांधलेली दिसली, की तेवढं पुरत असणार. गंमत पाहा, आज हीच रेल्वे संसर्गजन्य नसलेल्या कुष्ठरुग्णाला उपचारासाठी जाता-येता तिकिटात ७५ टक्के सवलत देते. या दोन नियमांच्या मधली जी शंभरेक वर्षं आहेत, त्यांत नसेची ओळख पटत गेली. पण ती ओळख त्याही आधी जिथे पटू लागली होती, त्या जागांपैकी एक दौंडहून थेट गाडी असलेल्या मुंबईत होती.

हेन्री व्हॅनडाइक कार्टर हे नाव वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना चित्रकार म्हणून माहीत असतं, किंवा माहीत असायला हवं. १८५८ मध्ये निघालेल्या ग्रेच्या शरीररचनाशास्त्राच्या ग्रंथातली सगळी चित्रं त्याने काढली. नाव झालं ते ग्रेचं. कार्टर त्याच वर्षी मुंबईला आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवू लागला आणि जमशेटजी जीजीभाई रुग्णालयातल्या महारोग्यांकडे लक्ष देऊ लागला. नसांची चित्रं काढून ज्याचा हात बसला होता, त्याने या रोग्यांच्या शवविच्छेदनात नसांकडेच पाहिलं, यात नवल नाही. हातापायांच्या नसा जागोजागी जाड झालेल्या त्याला दिसल्या. नॉर्वेचे डॅनिएल्सन आणि बोएक यांनी १८४७ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात हा रोग नसांत शिरतो, असं म्हटलं होतं. कार्टरने ते मुंबईतल्या देहांवर पडताळलं आणि १८६२ च्या सुमारास मांडलं. पुढे तो साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता. १८७३ मध्ये तो नॉर्वेत बर्गेनला गेला. त्याच वर्षी त्याच गावात गेऱ्हार्ड आर्माउअर हॅन्सनने रोग्याच्या गाठींमध्ये काडीसारखे जंतू पाहिले. हा रोग रक्तातून, घराण्यातून उतरतो, असं तोवर नॉर्वेतले मोठे डॉक्टरही मानत होते. कार्टर मात्र हॅन्सनच्या बाजूने उभा राहिला.

म्हणजे १८७५ पर्यंत दोन गोष्टी हाताशी होत्या. रोग जंतूने होतो आणि तो नसांत बसतो. मग पुढच्या पाऊणशे वर्षांत काय झालं? भीती वाढली. १८८९ मध्ये हवाई बेटांवर महारोग्यांची सेवा करणारा फादर डेमियन त्याच रोगाने गेला आणि युरोपात खळबळ उडाली. लंडनमध्ये निधी उभा राहिला, १८९०-९१ मध्ये एक आयोग हिंदुस्थानभर फिरला. या आयोगाचा निष्कर्ष शांत डोक्याचा होता. रोग वंशपरंपरेने येत नाही, संसर्गाची शक्यता फार कमी आहे, सक्तीने माणसं कोंडण्याचं कारण नाही. लंडनमधल्या धुरिणांना तो रुचला नाही. मुंबईत म्युनिसिपल कमिशनर हॅरी आर्बथनॉट अ‍ॅकवर्थ यांनी १८९० मध्ये माटुंग्याला बेघर महारोग्यांसाठी आश्रय उघडला. हेच आजचं वडाळ्याचं अ‍ॅकवर्थ रुग्णालय. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासोबत मराठी पोवाडे गोळा करून छापणारे अ‍ॅकवर्थ ते हेच. शाहिरांच्या घरी माणसं धाडून कवनं जमवणारा साहेब रस्त्यावरचे भिकारी उचलून वडाळ्याला ठेवत होता. एकाच माणसाची ही दोन कामं वाचताना आजही थोडं बिचकायला होतं.

मग आला १८९८ चा कायदा. तो वाचताना डोळे थबकतात ते पहिल्याच व्याख्येपाशी. ज्याच्या अंगावर व्रण पडायला सुरुवात झाली आहे असा रोगी, तो या कायद्याने ‘लेपर’. अशा माणसाला भीक मागताना पकडून आश्रमात धाडता येई. त्याने सार्वजनिक विहिरीवर पाणी भरायचं नाही, विकायला अन्न करायचं नाही, भाड्याची गाडी हाकायची नाही, अशी बंदी सरकारला घालता येई. आता तळपायाचा तो व्रण म्हणजे काय, तर संवेदना गेलेल्या पायावर चालून चालून पडलेलं भोक. जंतू पसरण्याशी त्याचा फारसा संबंध नाही. ज्यांच्या नसा जोरात मारल्या जातात आणि पाय फुटतात, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या अंगात जंतू अगदी थोडे असतात, कारण त्यांचं शरीर जंतूंशी तावातावाने झगडत असतं. उलट ज्याच्या अंगात कोट्यवधी जंतू आहेत, त्याची कातडी सुरुवातीला तुकतुकीत आणि हात धड दिसू शकतात. कायद्याने दार लावलं ते नेमकं चुकीच्या माणसावर. १९२० मध्ये ही व्याख्या बदलून रुंद केली गेली. त्याने न्याय वाढला नाही, फक्त जाळं मोठं झालं.

पुणे जिल्ह्यात रोग्यांचं ठिकाण झालं ते कोंढवा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तिथे कुष्ठधाम होतं, पुढे ते डॉ. बांदोरावाला यांच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं. येरवड्याच्या तुरुंगात १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला एक संस्कृत पंडित कैदी होते. परचुरे शास्त्री. त्यांना रोग झाला म्हणून वेगळं ठेवलं होतं. त्याच तुरुंगात असलेल्या गांधींनी त्यांच्याशी पत्रव्यवहार ठेवला. पुढे १९३९ च्या सुमारास शास्त्री सेवाग्रामला आले आणि गांधी स्वतः त्यांच्या अंगाला मालीश करत. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्येच काम सुरू केलं होतं. अमरावतीचं शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन, वरोऱ्याचं बाबा आमट्यांचं आनंदवन ही नावं मराठी घरात सांगावी लागत नाहीत. माणसाला माणूस म्हणून जवळ घेण्याचं हे काम थोरच होतं. तरी नस कशी वाचवायची, हा प्रश्न त्यातून सुटणार नव्हता. तो सुटला शस्त्रक्रियेच्या टेबलावर, प्रयोगशाळेत आणि गावोगाव फिरणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या सायकलीवर.

दौंड तालुक्यातल्या केडगावकडे या ओघात एकदा वळायला हवं. पंडिता रमाबाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे मुक्तिसदन वसवलं. तिथल्या आंधळ्या मुली-बायकांना रमाबाईंची मुलगी मनोरमा हिने ब्रेल शिकवलं. बोटांच्या टोकांनी वाचणाऱ्या या बायकांचं चित्र मनात आणलं, की महारोग काय हिरावतो ते उमगतं. चेहऱ्याच्या नसेवर घाव बसला तर पापणी मिटत नाही. डोळा उघडाच राहतो, धूळ जाते, बुबुळ कोरडं पडतं, पांढरं होतं. डोळ्यातली संवेदना गेलेली असेल तर कचरा गेल्याचंही कळत नाही आणि हळूहळू दृष्टी जाते. इतर आंधळ्याला बोटं डोळ्यांची जागा घेतात. याच्या बोटांना ठिपका लागत नाही, आणि ब्रेलही त्याला बंद होतं.

आता हे घडतं कसं, ते पाहू. मायकोबॅक्टेरियम लेप्री हा जंतू विलक्षण संथ आहे. आतड्यातला ई-कोलाय वीस मिनिटांत एकाचा दोन होतो, याला बारा-चौदा दिवस लागतात. म्हणून संसर्ग आणि पहिला चट्टा यांत पाच वर्षं जाऊ शकतात, कधी वीसही. प्रयोगशाळेच्या काचेत तो आजतागायत कोणाला वाढवता आलेला नाही. १९६० मध्ये शेपर्डने उंदराच्या तळपायात तो वाढवला, १९७१ मध्ये अमेरिकेत आर्माडिलो या कमी शरीरतापमानाच्या प्राण्यात. दोन्ही ठिकाणी साम्य एकच: गारवा. माणसाच्या शरीराचा गाभा सदतीस अंश तापमानाचा असतो, तिथे हा जंतू फार रमत नाही. म्हणून मेंदू आणि मज्जारज्जू सहसा वाचतात, आणि मार बसतो तो कातडीला लागून जाणाऱ्या नसांना. कोपराच्या आतल्या बाजूला ठेच लागली की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात, ती नस पहिल्या मानाची. ती गेली की करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट आत वळतं. मनगटातली नस गेली की अंगठा समोर यायचा थांबतो, पकड जाते. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला हाडावरून वळणारी नस गेली की पाऊल लोंबतं, चालताना बोटं जमिनीवर घासतात. घोट्याच्या आतल्या बाजूची नस गेली की तळपाय बधिर होतो. मानेवर कानाखाली दोरीसारखी उठून दिसणारी नस तर नुसत्या नजरेने ओळखता येते.

नसेच्या आत काय होतं? ज्या तंतूतून संवेदना वाहते, त्याच्याभोवती श्वान (Schwann) पेशी वेटोळं घालून बसलेल्या असतात. दौंडच्या शेतकऱ्याला पटेल असं सांगायचं, तर उसाच्या कांड्याला पाचट लपेटून असावं तसं. खोडकिडा जसा आडोशाने आत शिरतो, तसा हा जंतू या पेशींत शिरतो आणि बाहेरच्या पांढऱ्या पेशींच्या नजरेआड तिथेच वाढतो. हा आडोसा त्याला कसा सापडतो, हे १९९० च्या दशकाच्या अखेरीस उलगडलं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात अनुरा रामबुक्कना आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की श्वान पेशीच्या बाहेरच्या आवरणातलं लॅमिनिन-२ हे प्रथिन जंतू पकडतो आणि त्याच्या आधाराने आत जातो. पुढे एडिनबरात याच संशोधकांनी उंदरांच्या पेशींवर काम करून २०१३ मध्ये आणखी धक्कादायक गोष्ट मांडली. जंतू श्वान पेशीची ओळखच पुसून तिला कोवळ्या, कुठेही जाऊ शकणाऱ्या पेशीत बदलू शकतो.

पण नसेचा मोठा घात बहुधा जंतू करत नाही, शरीर स्वतः करतं. कधीतरी प्रतिकारशक्तीला जंतूचा पत्ता लागतो आणि ती नसेवर तुटून पडते. नसेला बाहेरून घट्ट आवरण असतं. आत सूज आली तरी पसरायला जागा नसते, दाब वाढतो, रक्त पोचत नाही. काही दिवसांत, कधी एका रात्रीत, बोटं वाकतात किंवा पाऊल पडतं. याला डॉक्टर रिअ‍ॅक्शन म्हणतात. ती उपचारापूर्वी येते, उपचार चालू असताना येते, आणि गोळ्या संपून वर्षं उलटल्यावरही येते. रुग्ण बिचारा म्हणतो, गोळ्यांनीच हात गेला. घरचेही तेच म्हणतात, आणि औषध बंद होतं.

या नसांकडे मराठी मुलखात पुन्हा लक्ष वेधलं ते एका पारशी सर्जनने. डॉ. नोशीर अंतिया १९५० च्या दशकात इंग्लंडहून प्लास्टिक सर्जरी शिकून पुण्याला आले, आणि कोंढव्याच्या रुग्णालयात कुष्ठरुग्णांच्या हातांवर काम करू लागले. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४८ पासून असंच काम आरंभलं होतं. धडधाकट स्नायूची दोरी काढून ती लुळ्या बोटाला जोडायची, म्हणजे वळलेलं बोट पुन्हा उघडतं. ब्रँड यांना एक साधी गोष्ट कळली होती. रुग्णांची बोटं रातोरात तुटतात याचं कारण शोधता कळलं, की झोपेत उंदीर कुरतडतात आणि झोपलेल्याला समजत नाही. एका मुलाने गंजलेलं कुलूप जोर लावून उघडलं आणि बोट हाडापर्यंत फाटलं तरी त्याच्या लक्षात आलं नाही. वेदना नसणं हीच या रोगातली खरी दुखापत, हे तिथून पुढे डॉक्टर बोलू लागले. मऊ रबराची चप्पल हे मोठं औषध ठरलं ते याच समजुतीतून.

अंतिया पुढे मुंबईला जे. जे. रुग्णालयात गेले, टाटांच्या देणगीतून प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला, आणि कुष्ठरुग्णांना सामान्य रुग्णालयातच दाखल करायचा आग्रह धरला. वेगळं रुग्णालय म्हणजे पुन्हा आश्रमच, असं त्यांचं म्हणणं. फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चमध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी नसांचे बारीक तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली वर्षानुवर्षं पाहिले. कुष्ठरोग हा मुळात श्वान पेशीचा आजार आहे, कातडीवरचं जे दिसतं ते नंतरचं, असं त्यांनी १९८० च्या दशकात ठासून मांडलं. दौंडच्या शेजारच्या पुरंदर तालुक्यात परिंच्याला त्यांच्या संस्थेने गावातल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. गुंतागुंतीची वाटणारी पुष्कळ तपासणी गावातली बाई उत्तम करू शकते, यावर त्यांचा विश्वास होता आणि तो रास्त होता.

कारण नसेची तपासणी म्हणजे शेवटी काय? डोळे मिटायला सांगायचे. चट्ट्यावर कापूस किंवा बॉलपेनचं टोक हलकं टेकवायचं आणि कुठे लागलं ते बोटाने दाखवायला सांगायचं. कोपरामागची नस बोटांखाली फिरवून जाड आहे का, दुखते का ते पाहायचं. वर्ध्यात १९५१ मध्ये स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग निवारण संस्थेत डॉ. रा. वि. वार्डेकरांनी यालाच पद्धतीचं रूप दिलं: गावातल्या प्रत्येक घरात जाऊन पाहणी, लोकांना समजावणं आणि गावातच उपचार. १९५५ पासून देशाच्या कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाने तीच उचलली. कोंडून ठेवण्याऐवजी दारात जाण्याचा हा बदल कडूकवठाच्या तेलाने शक्य झाला नसता. तोवर डॅप्सोनच्या स्वस्त गोळ्या आल्या होत्या. पुढे जंतू डॅप्सोनला दाद देईनासे झाले, तेव्हा १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन एकत्र द्यायचा बहुविध औषधोपचार सुचवला. आज हा उपचार जंतू कमी असलेल्याला सहा महिने देतात, जास्त असलेल्याला बारा. पहिल्या डोसानंतर थोड्याच दिवसांत रुग्णापासून संसर्ग होण्याची शक्यता जवळजवळ संपते.

डिसेंबर २००५ मध्ये भारतात दहा हजार लोकांमागे एकाहून कमी रुग्ण उरले, आणि कुष्ठरोगाचं दूरीकरण झाल्याचं जाहीर झालं. ही घोषणा आकड्याने खरी होती, पण तिने नुकसानही केलं. स्वतंत्र कर्मचारी सामान्य आरोग्यसेवेत मिसळले, कोपरामागची नस चाचपणारे हात कमी झाले आणि रोग संपला असा समज डॉक्टरांतही पसरला. आजही दरवर्षी देशात एक लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात. जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आपल्याकडचे आहेत. २०१६ पासून घरोघरी शोधमोहिमा पुन्हा सुरू कराव्या लागल्या त्या याचमुळे.

कायदा सगळ्यांत उशिरा जागा झाला. कुष्ठरोग्याला वारसाहक्कातून वगळणारी जुनी रूढी हिंदू कायद्यात १९२८ मध्ये दूर झाली होती. १८९८ चा कायदा मात्र केंद्राने २०१६ मध्ये रद्द केला. नवरा किंवा बायको कुष्ठरोगी आहे एवढ्या कारणावर मिळणारा घटस्फोट २०१९ मध्ये कायद्यातून गेला. गोळ्या खाऊन सहा-बारा महिन्यांत बऱ्या होणाऱ्या रोगासाठी संसार मोडायची सोय सदतीस-अडतीस वर्षं जास्तच टिकली.

शिरूर-दौंडच्या पट्ट्यात आज ऊस आहे, गुऱ्हाळं आहेत, रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहती आहेत. कोयता, उकळती काहिली, यंत्राचं पातं, सगळं हातानं होणारं काम. इथे लांबून कामाला आलेली माणसंही खूप, आणि सहा महिन्यांच्या गोळ्या एकाच गावात पुऱ्या करायला त्यांना सवड नसते. फिकट किंवा लालसर चट्टा असेल, तो खाजत नसेल, दुखत नसेल आणि त्यावर टाचणी कळत नसेल, तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावा. तपासणी आणि गोळ्या तिथे फुकट मिळतात. गोळ्या चालू असताना किंवा त्या संपल्यावरही हातापायाला नव्याने मुंग्या आल्या, कोपरामागे ठणकलं, पापणी नीट मिटेना, चप्पल पायातून नकळत निसटू लागली, तर वाट पाहू नये. नसेवरचा घाव सहा महिन्यांहून जुना नसेल तर प्रेडनिसोलोनच्या उपचाराने हात, पाय किंवा डोळा पुष्कळदा परत मिळतो. त्यानंतर तो मिळणं अवघड होत जातं.